चार कोरे कागद

एकदा एका डोंगरी संस्थानात एक भरपाईची कचेरी होती. घाटाखालचं मीठ वर आणि वरचं धान्य खाली न्यायचं, तर बैलगाड्यांवाचून इलाज नव्हता, आणि त्या घाटात वाघ फार. दर साली गाडीवानांचे पाच-पन्नास बैल वाघाच्या तोंडी जात. तेव्हा तिथल्या राजानं दयाळूपणे हुकूम काढला, की घाटात ज्याचा बैल वाघ मारील त्याला बैलाची किंमत सरकारातून मिळेल. राजा सज्जन होता, पण माणसांच्या बाबतीत जरा भोळा होता. पहिल्याच वर्षी वाघांनी मारलेल्या बैलांची यादी एवढी लांबली, की तेवढे बैल खरोखर खाल्ले असते तर एकाही वाघाला पुढं जागचं हलता आलं नसतं.

मग नियम आले. मेलेल्या बैलाचं उजवं शिंग कचेरीत आणून द्यायचं, देवाची शपथ घेऊन दावा लिहायचा, आणि हे सगळं दसरा उलटल्यावर, कारण पावसाळ्यात घाट बंद. दावा खोटा निघाला तर मागितलेल्या रकमेच्या तिप्पट दंड. बेडी नाही, फटके नाहीत. सरकारला फसवायला निघालास ना, मग सरकारचं भर आणि अद्दल म्हणून वर आणखी भर, एवढाच मामला.

मात्र हा दंड बसवायची एक ठरलेली वाट होती, आणि ती घाटापेक्षाही वळणावळणाची होती. ज्यानं खोटं पकडलं त्यानं फक्त आरोप लिहायचा. दुसऱ्यानं तो पडताळून पाहायचा. मग आरोपाचा कागद दावेदाराच्या हाती द्यायचा आणि उत्तराला त्याला तीस दिवस द्यायचे. निवाडा करायचा तिसऱ्यानं, ज्याचा या कचेरीशी काडीचाही संबंध नाही अशा शेजारच्या परगण्यातल्या न्यायाधीशानं. त्याचाही निवाडा पटला नाही, तर थेट दिवाणांकडे दाद मागायची मुभा होतीच.

या कचेरीत निळकंठ नावाचा एक तरुण उमेदवार होता. पाठशाळेतून पहिला आलेला, अक्षर मोत्यासारखं, नजर तीक्ष्ण, आणि आपली नजर तीक्ष्ण आहे याची त्याला स्वतःला पुरेपूर जाणीव. वर्षभर त्यानं बिनपगारी काम केलं होतं. नियमाप्रमाणे त्याला प्रवासभत्ता तेवढा मिळे, बाकी शून्य. एक मोठं प्रकरण धसाला लावलं की त्याची तपासनीस म्हणून कायम नेमणूक व्हायची होती. घरी आई रोज विचारायची, आणि रोज तो सांगायचा, "होईल गं, आता होईल." त्या एका नेमणुकीवर त्याचा सगळा जीव टांगलेला होता.

आरोप पडताळण्याचं काम त्या कचेरीत विसाजीपंतांकडे होतं. पंतांचं वय सत्तरीला टेकलेलं. डोळ्यांना कमी दिसे, पण कागद वाचताना ते ओठ हलवून एकेक शब्द मनाशी उच्चारत, त्यामुळे त्यांच्या हातून काही निसटत नसे. निळकंठ त्यांच्याच हाताखाली शिकत होता. पंतांवर त्याची भक्ती होती, पण त्यांच्या सावकाशीवर मात्र त्याचा भारी राग होता.

त्या साली दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी नांदवठारचा लखमाशेट नावाचा व्यापारी कचेरीत आला. त्याच्या बारा गाड्या घाटात चालत. त्यानं पोतडी उघडून सात उजवी शिंगं ओळीनं मांडली आणि शपथेवर लिहून दिलं, की गेल्या माघापासून वैशाखापर्यंत आपले सात बैल घाटात वाघानं मारले. दावा देऊन तो गेला. निळकंठ शिंगं उचलून आत ठेवू लागला आणि एकदम थबकला. सातांपैकी पाच शिंगांवर तांबडाभडक हिंगूळ होता. त्यानं बोट फिरवलं, तर रंग बोटाला लागला.

आता तुम्हीच सांगा, बैलांची शिंगं रंगवतात कधी? पोळ्याला. पोळा येतो श्रावणाच्या अवसेला. म्हणजे वैशाखात वाघानं खाल्लेल्या बैलांनी श्रावणात पोळा साजरा केला! बरं, आदल्या सालचा रंग म्हणावा, तर जू, दावी, धूळ आणि ऊन यांत तो माघापर्यंतसुद्धा टिकत नाही. हा रंग तर बोटाला लागत होता. निळकंठला असा आनंद झाला की त्यानं तिथल्या तिथे मांडीवर थाप मारली.

"सापडला, पंत! लबाड सापडला!" तो शिंगं घेऊन धावतच विसाजीपंतांकडे गेला.

पंतांनी शिंग हातात घेतलं, उलटंपालटं केलं, नाकाशी नेऊन हुंगलं आणि खाली ठेवलं. "लिही आरोप," ते म्हणाले. "पाच शिंगांचा एक ढीग करू नकोस. प्रत्येक शिंगाचं वेगळं लिही."

"आणि उरलेली दोन?"

"त्यांबद्दल तुला काही संशय आहे?"

"छे. ती कोरीच आहेत, जुनी, काळपट. ती खरी दिसतात."

"मग जे दिसतं तेवढंच लिही," पंत म्हणाले.

निळकंठनं बोरू उचलला आणि एका बैठकीत आरोप लिहून काढला. काय ती भाषा, काय तो युक्तिवाद! सगळं एका कागदात बसवलं होतं, एक ओळ इकडची तिकडे करायला जागा नव्हती. पाच बैलांचा खोटा दावा, तिप्पट दंड, म्हणजे पंधरा बैलांची किंमत. लखमाशेटच्या बारा गाड्यांना चोवीस बैल. पंधरा गेले की गाड्या मोडीत, धंदा बसला, आणि वर परगणाभर छी-थू. निळकंठला त्याचं वाईट वाटलं नाही. चोराला शिक्षा व्हायचीच, आणि आपली नेमणूकही व्हायचीच, असं त्याला वाटलं.

पंतांनी कागद ओठ हलवत दोनदा वाचला. "उत्तम," ते म्हणाले. "माझी पडताळणी झाली. आरोप ठेवण्याजोगा आहे. आता हा घेऊन तू नांदवठारला जा, लखमाशेटच्या हातात दे, आणि वाचून दाखव." मग त्यांनी फडताळ उघडलं, आतून चार कोरे कागद काढले, नीट जुळवले, आरोपाच्या कागदाखाली ठेवले, आणि त्यावर एक नवा बोरू आणि शाईची कुपी ठेवून सगळ्याचं एक पुडकं बांधलं.

"हे कशाला?" निळकंठनं विचारलं.

"त्याला द्यायला. उत्तर लिहील की तो."

"पंत, तो व्यापारी आहे! त्याच्या घरात कागदांना काय तोटा? आणि चोराला सरकारी कागद, सरकारी शाई? तीही आपणच नेऊन द्यायची? लोक हसतील हो आपल्याला. आरोपाचा एक कागद आणि उत्तराचे चार, हा कुठला न्याय? त्याला तीस दिवस, मग न्यायाधीश, मग दिवाण. एका चोरामागं तीन-तीन माणसं कशाला हवीत? मी पकडलाय ना त्याला? मीच दंड बसवतो की!"

पंत हसले. "फार गरम होतोयस. घाटात गार वारा असतो, जाऊन ये. आणि एक लक्षात ठेव, कागद देऊन उलट्या पावली यायचं नाही. त्याला काही सांगायचं असेल, तर ऐकून यायचं."

निळकंठ पुटपुटतच बाहेर पडला. त्यानं भाड्याचं तट्टू केलं आणि घाट चढून दुसऱ्या दिवशी दुपारी नांदवठारला पोचला. वाटेत त्यानं तीनदा ते पुडकं नदीत भिरकावून द्यायचा विचार केला. पण सरकारी कागद होता, आणि शेवटी पंतांचा शब्द होता, म्हणून राहिलं.

लखमाशेट ओसरीवर बसला होता. गोल चेहऱ्याचा, हसतमुख माणूस. निळकंठनं आरोप वाचायला घेतला, तसं ते हसू विरत गेलं. वाचून संपलं तेव्हा तो म्हणाला, "रावसाहेब, देवाशपथ सांगतो, ते पाची बैल वाघानंच मारले."

"मग त्यांनी पोळा कसा केला?" निळकंठ म्हणाला. हा प्रश्न त्यानं घाटभर मनात घोळवला होता, आणि तो विचारताना त्याला मोठी गोडी वाटली.

अंगणात एक म्हातारा गाडीवान जुवाला तेल लावत बसला होता. हैबती त्याचं नाव, लखमाशेटच्या बाराही गाड्यांचा तो म्होरक्या. तो हातातलं काम टाकून उठला आणि जवळ आला.

"कारकूनबाबा, म्या बोलू का?"

"बोल."

"ती शिंगं आमीच रंगवली. पोळ्याला."

"म्हणजे बैल जिवंत होते!"

"आवं, मेल्यावर रंगवली!" हैबती म्हणाला. त्याच्या आवाजात चीड नव्हती, पण अशी एक नवलाई होती, की एवढं शिकलेल्या माणसाला ही साधी गोष्ट ठाऊक नसावी. "आमच्या सर्ज्याला मोरीच्या वळणावर वाघानं धरला. धा वर्षं माझ्या हाताखाली चालला त्यो. दर पोळ्याला त्याचं खांदं मी लोण्या-हळदीनं मळायचो. यंदा खांदा कुठनं आणू? शिंग हुतं, त्यालाच लोणी लावलं, हिंगूळ लावला, म्होरं पुरणपोळी ठिवली. बैल वाघानं नेला म्हून त्याचा पोळा का चुकवायचा? ह्या समद्या तांड्यात अशीच रीत हाय. लई जुनी. माझा बा बी करायचा."

लोणी! रंग बोटाला लागला होता तो ताजा म्हणून नव्हे, खाली लोणी होतं म्हणून. पंतांनी शिंग हुंगलं होतं ते निळकंठला आठवलं. त्यांना वास आला असणार, पण लोण्याचा वास कशाचा हे त्यांनाही कळलं नसणार. तरी पण, तो मनाशी म्हणाला, सांगणं सोपं आहे. पकडलेला माणूस काय वाटेल ते सांगेल.

"पुरावा काय?" त्यानं विचारलं.

"या की," हैबती म्हणाला, आणि त्याला गोठ्यात घेऊन गेला.

गोठ्याच्या मागच्या भिंतीवर खुंट्या होत्या आणि खुंट्यांवर डावी शिंगं टांगलेली होती. उजवं शिंग सरकारात द्यावं लागतं, डावं घरी राहतं. कितीतरी सालांची शिंगं होती. जुन्यांवरचा रंग उडून गेला होता, पण प्रत्येकावर दर पोळ्याला फिरवलेल्या लोण्याचा काळपट थर होता. हैबती एकेका शिंगाला हात लावून नाव सांगत गेला. शेवटची ओळ यंदाची. सर्ज्या, हरण्या, कवड्या, पवळ्या, ढवळ्या. त्यावरचा हिंगूळ तोच, तसाच तांबडाभडक. ढवळ्याचं शिंग टोकाशी एकदम आत वळलेलं होतं, आणि कचेरीतलं एक शिंगही अगदी तसंच वळलेलं होतं, हे निळकंठला लख्ख आठवलं, कारण त्यानंच ते आरोपात लिहिलं होतं.

त्याचा तो एका कागदातला सुंदर आरोप पाचही शिंगांसकट खोटा होता. हा कागद आज कुणी विचारल्याशिवाय मान्य झाला असता, तर या दारातले पंधरा बैल त्यानं विकायला लावले असते, आणि वर शाबासकी घेतली असती. नेमणूक तर गेलीच. आईला काय सांगायचं? त्यानं शिंगांच्या ओळीकडं पुन्हा पाहिलं. आणि मग, सवयीनं म्हणा, ती मोजली.

"हैबती, यंदाचे बैल किती?"

"पाच."

"पाचच?"

"पाच का थोडं झालं?" हैबती म्हणाला.

निळकंठ सावकाश मागं वळला. दारात लखमाशेट उभा होता. त्याचा गोल चेहरा घामानं डबडबला होता.

"शेट, दावा तर सात बैलांचा आहे," निळकंठ म्हणाला. "मग उरलेल्या दोघांची डावी शिंगं कुठं आहेत? आणि त्यांचा पोळा कुणी केला नाही, तो का?"

गोठ्यातला एक बैल तेवढा रवंथ करत होता. मग हैबतीच्या सगळं ध्यानात आलं. त्यानं मालकाकडं पाहिलं आणि त्याचा आवाज चढला. "शेट, तुमी आमच्या बैलांच्या पोतडीत उपरी शिंगं घातलीत? सर्ज्याच्या शेजारी?"

लखमाशेट तिथंच उंबऱ्यावर बसला. दंडाचं त्याला एवढं लागलं नसतं, जेवढं हैबतीचं ते बोलणं लागलं. त्यानं डोक्यावरची पगडी काढून मांडीवर ठेवली. "कंगवेवाल्याकडून घेतली," तो खालमानेनं म्हणाला. "शिंगांचे कंगवे करतो तो, त्याच्या ढिगातली. मनात आलं, पाच तर खरीच आहेत. पाच खऱ्यांच्या आडोशाला दोन खपून जातील. सगळेच एखाददुसरं घालतात, रावसाहेब. बाजारात सगळे हेच बोलतात."

निळकंठनं पुडक्यात राहिलेले चारही कोरे कागद, बोरू आणि शाईची कुपी त्याच्यापुढं ठेवली. पंतांनी सांगितलं म्हणून नव्हे. त्याला दुसरं काय करावं ते सुचलं नाही. लखमाशेट संध्याकाळपर्यंत लिहीत बसला. पाच बैलांची कहाणी तीन कागदांत आली. कुठल्या वळणावर, कुठल्या तिथीला, कोण गाडीवान होता, शिंग कुणी रंगवलं, हैबती सांगत गेला आणि शेट लिहीत गेला. चौथा कागद त्यानं बराच वेळ नुसता समोर धरला. मग त्यावर दोन शिंगांचं खरं लिहिलं आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी निळकंठ निघाला, तर हैबती ऐकेना. "तट्टावर कशाला हाडं खिळखिळी करता? मीठ आणाय मी खाली निघालोच हाय, बसा गाडीत." भाड्याचं तट्टू परत गेलं आणि निळकंठ पेंढ्यावर रेलून, हैबतीची गाणी ऐकत, मधूनच स्वतः गळा काढत घाट उतरला. कचेरीत पोचल्यावर त्यानं आधी भत्त्याचा कागद भरला, कारण तो त्याच दिवशी द्यायचा नियम होता. मग लखमाशेटचं उत्तर घेऊन पंतांपुढं उभा राहिला आणि पडेल चेहऱ्यानं सगळं सांगितलं.

"पाच रंगीत शिंगं खोटी वाटली, ती खरी निघाली. दोन कोरी खरी वाटली, ती खोटी. माझा आरोप चुकला, पंत. नेमणुकीचा माझा हक्क नाही."

"आणि कबूल करायला तू स्वतः आलास," पंत म्हणाले. "बैस."

"आपल्याला माहीत होतं का?"

"मला कुठून माहीत असणार? लोण्याचा वास आला, पण वाटलं, गाडीवानाचे हात तुपातेलाचे असतील. निळकंठा, मला काही माहीत नव्हतं, म्हणून तर कागद पाठवले. हे बघ, आपला आरोप एका कागदात मावतो, कारण आपल्याला तेवढंच ठाऊक असतं. समोरच्याला काय ठाऊक आहे आणि त्याला किती कागद लागतील, हे आपण कसं सांगणार? म्हणून जास्त द्यायचे. त्याचं खरं असेल, तर त्याला ते मांडायला जागा हवी. आणि खोटं असेल, तरी जागाच हवी. आपण ओरडून विचारलं, तर माणूस एका शब्दात नाकारून मोकळा होतो. पण कोरा कागद समोर ठेवून, एकेका शिंगाचं लिही बाबा, म्हटलं की खोट्यापाशी हात अडखळतो. तीन माणसं कशाला, असं विचारत होतास ना? तू हुशार आहेस, म्हणून. हुशार माणसाला आपली चूक फार सुंदर मांडता येते. ती बघायला दुसरे डोळे लागतात, आणि बघूनही नाही कळलं, तर तिसरे. मी तुझा आरोप दोनदा वाचला आणि उत्तम म्हणालो, हे विसरू नकोस."

पुढं नवा आरोप दोन शिंगांपुरता लिहिला गेला, पडताळला गेला, आणि शेजारच्या परगण्यातले न्यायाधीश येऊन निवाडा देऊन गेले. पाच बैलांची भरपाई मंजूर. दोन खोट्यांसाठी तिप्पट दंड बसायचा, पण सुनावणीआधी आपणहून लिहून दिलं म्हणून नियमाप्रमाणे दुप्पट बसला. लखमाशेटनं तो मुकाट्यानं भरला. गाड्या वाचल्या. साक्षीला आलेला हैबती पंतांशी घटकाभर गप्पा मारून गेला. निळकंठ दिवसभर नेमणुकीची वाट पाहत होता. पंत म्हणाले, "उद्या बघू."

उद्या उजाडलं. निळकंठ आपल्या जागी जाऊन बसतो न बसतो तोच शिपायानं एक पुडकं आणून समोर ठेवलं आणि, "वाचून दाखवायचा हुकूम आहे," म्हणून खाकरून वाचायला सुरुवात केली. एका कागदात आरोप होता, पंतांच्या अक्षरात, आणि खाली दुसऱ्या कारकुनाची पडताळणी. निळकंठ उमेदवार यानं नांदवठारला जाण्यायेण्याचं तट्टाचं भाडं मागितलं. जाताना तट्टू होतं. येताना तो हैबती गाडीवानाच्या गाडीत पेंढ्यावर बसून, साक्षीदाराच्या सांगण्याप्रमाणे, 'लई बेसूर गात' आला. सबब एका फेरीचा दावा खोटा. पुडक्यात खाली चार कोरे कागद, एक नवा बोरू आणि शाईची कुपी होती.

कचेरीत हशा पिकला. निळकंठ कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. खरं सांगायचं तर त्यानं लबाडी केलीच नव्हती, निदान त्याला तसं वाटत होतं. कचेरीतला प्रत्येक कारकून घाटापलीकडं गेला की 'जाऊन-येऊन तट्टू' असंच लिहायचा. नमुन्याचा कागदच तसा होता. त्यानं बोरू उचलला आणि लिहायला घेतलं. तट्टू दोन्ही वेळचं ठरवलेलंच होतं. गाडीवानानं आग्रह केला. त्या गडबडीत तसं लिहिलं गेलं. सर्व कारकून असेच लिहितात. तीन कागद भरले. लिहिता लिहिता त्याला मोठा जोर आला होता, आणि भाषा नेहमीप्रमाणे सुंदर उतरली होती.

मग त्यानं ते तीन कागद वाचले, पंतांसारखे ओठ हलवत. 'सर्व कारकून असेच लिहितात' या ओळीपाशी त्याचे ओठ थांबले. उंबऱ्यावर बसलेला, मांडीवर पगडी घेतलेला लखमाशेट त्याच्या डोळ्यांपुढं आला. सगळेच एखाददुसरं घालतात, रावसाहेब. त्यानं तो कागद उलटा करून ठेवला. नेमणूक आज झाली तर होईल, नाही तर नाही. चौथा कागद त्यानं पुढं ओढला आणि लिहिलं, "येताना मी हैबतीच्या गाडीतून आलो. तट्टू नव्हतं. दावा खोटा आहे." खाली सही केली आणि तो कागद नेऊन पंतांच्या हाती दिला.

पंतांनी वाचलं. त्याला वेळ लागला नाही, ओळी तीनच होत्या. "हा न्यायाधीशांकडे जाईल," ते म्हणाले. "आपणहून कबूल केलंस, म्हणून दुप्पट भरशील."

"भरेन."

"बाकीचे तीन कागद?"

"लिहून वाया घालवले."

"त्यांची किंमतही तुझ्याकडून घेईन. सरकारी आहेत." पंतांनी फडताळातून आणखी एक कागद काढला. त्यावर नेमणुकीचा मजकूर आधीच लिहिलेला होता, फक्त सही व्हायची होती. त्यांनी बोरू शाईत बुडवला. "ही सही मी काल करणार होतो," ते म्हणाले. "पण काल तू दुसऱ्याची चूक शोधणारा होतास. म्हटलं, एक दिवस थांबू." आणि त्यांनी सही केली.

त्या संध्याकाळी निळकंठ घरी गेला. आईनं रोजच्यासारखं विचारलं, "झाली का रे?" तो म्हणाला, "झाली." आणि मग त्याला एकदम हसू आलं, कारण पगार सुरू व्हायच्या आधीच त्याला दंड झाला होता.

पुढं पंतांची जागा त्याच्याकडं आली, तेव्हा कुणावरही आरोपाचा कागद पाठवताना खालचे कोरे कागद तो स्वतः मोजून पाही, चार आहेत ना म्हणून. आपल्याही हाती रोज कुणा ना कुणाविषयीचा एखादा लिहिलेला कागद येतच असतो, आणि बहुतेक वेळा तो लिहिलेलाही आपणच असतो. तो पुढं धाडण्याआधी खाली कोरे किती जोडलेत, तेवढं एकदा मोजून घ्यावं.